गाडीच्या कपाळावरचं कुंकू

सरकारनं तोट्यातल्या मोटार कंपनीला कर्ज द्यावं का, हे मला विचारू नका. दिवाळीपासून चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मुलगा बोलला की त्याचं पटायचं, शेजारीण बोलली की तिचं पटायचं, आणि आमचे हे तर काही बोलायचेच नाहीत. मी सगळ्यांना मान हलवत गेले आणि स्वतःचं मत काय ते मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही. अजूनही ठरलेलं नाही. पण झालं काय, ते सांगते.

आमचे हे जातीचे शिंपी. नाव नरसिंगराव. ते मी कधी घेत नाही, आज तुम्हाला कळावं म्हणून घेतलं. बेंगळुरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते देवाला ठाऊक. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. सासऱ्यांचं कॉटनपेटेत शिलाईचं दुकान होतं. शर्ट-पँट शिवायचे. मग रेडिमेड आलं आणि गिऱ्हाईक दुकानासमोरून रेडिमेडच्या पिशव्या घेऊन जायला लागलं. दोन वर्षांत सासऱ्यांनी दुकानाची पाटी उतरवली. तेव्हा कुठलंही सरकार विचारायला आलं नव्हतं.

हे तेव्हा वीस-बावीसचे. दुसरा कुणी असता तर हाय खाल्ली असती. यांनी मशीन उचललं आणि ऑटोस्टँडजवळ एका झाडाखाली मांडलं. ऑटोचे हूड शिवायचे, फाटक्या सीटा शिवायच्या. मग खाजगी बसच्या सीटा. आणि अकरा वर्षांपूर्वी आनेकलला चिट्टे कंपनी निघाली, तिच्या सीट-विभागात लागले. चिट्टे म्हणजे कन्नडात फुलपाखरू. विजेवर चालणारी छोटी गाडी, पूर्ण आपल्याकडची, असं कंपनीवाले छाती फुगवून सांगायचे. आम्हीही कॉटनपेट सोडून आनेकलला घर केलं.

यांची एक खोड सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. यांच्या खिशात कायम एक चौकडीचा रुमाल असतो, चार घड्यांचा. शिंप्याला कापडावर खडूनं खुणा कराव्या लागतात. सासऱ्यांची शिस्त अशी, की माल गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी खडूची एक रेघसुद्धा दिसता कामा नये. यांच्या हाडात ते इतकं मुरलंय, की लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या सदऱ्यावर भातावरचं सारू सांडलं तरी यांचा रुमाल निघतो. एकदा बसमध्ये एका अनोळखी बाईच्या खांद्यावरची पावडर पुसायला निघाले होते. मी हात धरला म्हणून वाचले, नाहीतर त्या दिवशी मारच खाल्ला असता!

तर कंपनी. पहिली सहा-सात वर्षं बरी गेली. मग बाहेरच्या देशांतल्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या. दिसायला झकास, आत टीव्हीएवढा पडदा. चिट्टे कोण घेणार? पगार आधी पाच तारखेला व्हायचा, तो पंधरावर गेला, मग वीसवर. कारखान्यात सहाशे माणसं, त्यातली बेचाळीस सीट-विभागात. गेल्या दिवाळीनंतर उघडच बोललं जायला लागलं, की सरकारनं कर्ज दिलं तर कंपनी उभी राहील, नाहीतर युगादीला, म्हणजे पाडव्याला, गेटला कुलूप. यांचं वय सत्तावन्न. सत्तावन्नाव्या वर्षी सीटा शिवणाऱ्या माणसाला दुसरीकडं कोण घेतो? मला एवढंच कळत होतं, की कर्ज आलं तर यांची नोकरी राहील.

आमचा मोहनकुमार सर्जापूर रोडला राहतो, आयटीत आहे. दर रविवारी जेवायला येतो. एका रविवारी पेपरात कर्जाची बातमी होती, आणि हा पोरगा भाताचा घास हातात धरूनच सुरू झाला.

"माझा टॅक्स कापून घेतात, आई. तो असल्या कंपनीला का द्यायचा? चांगली गाडी केली असती तर लोकांनी घेतली असती. कर्ज बुडालं की परत आमच्याच खिशातून. आप्पा, तुमच्याबद्दल नाही बोलत मी."

"मग कुणाबद्दल बोलतोस?" मी म्हटलं. "तुझ्या इंजिनिअरिंगची फी त्या सीटांवरच निघाली ना?"

त्यानं हातातला घास तोंडात घातला. पण मला मनातून वाटलं, अय्यो, पोरगं खोटं काय बोलतंय? ह्याच्या दारात दुसऱ्या देशातल्या कंपनीची गाडी उभी. पोटच्या पोरानं बापाच्या कंपनीची गाडी घेतली नाही, मग सरकारनं काय म्हणून पैसे घालावेत? हे मात्र खाली मान घालून ताक पीत होते.

शेजारच्या गंगव्वाचं वेगळंच. ती विजापूरकडची, ज्वारीच्या भाकरी करून खानावळींना देते. कोरोनात तिचा धंदा बसला तेव्हा बँकेनं तिला दारात उभं केलं नव्हतं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बुडत होते तेव्हा मला कागद दाखव म्हणाले. हे कंपनीवाले बुडतायत तर ह्यांच्या घरी सरकार मोटारीतून येणार. तुंगक्का, आमच्या भाकरीला चाकं नाहीत म्हणून काय?" तिचंही पटलं. मी तिला हो म्हणाले आणि घरात येऊन कर्ज मिळू दे म्हणून देवापुढं दिवा लावला. बघा माझी तऱ्हा!

मग दयानंद. हा कंपनीतला इंजिनिअर, बेळगावकडचा, मराठी बोलतो, म्हणून आमच्याकडं येणं-जाणं. मला काकी म्हणतो. त्याचं म्हणणं, "काकी, बाहेरच्या कंपन्या येतात तेव्हा त्यांना जमीन स्वस्त, वीज स्वस्त, करात सूट. ती मदत नाही का? आपल्या घरचा माणूस व्याजासकट फेडतो म्हणून कर्ज मागतोय, तर ती भीक!" घ्या. हेही पटलं. माझं डोकं म्हणजे नुसता गोंधळ. रात्री यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाले, "उद्या डब्यात चित्रान्न दे."

जानेवारीत कळलं, सरकारची समिती कारखाना बघायला येणार. त्यांच्यासमोर चिट्टेची नवी गाडी चालवून दाखवायची होती. ह्या गाडीचं कौतुक असं, की समोर माणूस, गाय, काहीही आलं तर ती आपोआप थांबते. गाडी नीट चालली आणि नीट थांबली, तर समितीचा शेरा चांगला जाणार, आणि शेऱ्यावरच कर्ज. कंपनीच्या साहेबांना कुणीतरी सुचवलं, की गाडीची पूजा सगळ्यात जुन्या कामगाराच्या बायकोच्या हातून करावी, बरं दिसेल. जुने म्हणजे आमचे हे. मला निरोप आला.

मी खूश! आणि हे? आधीचे आठ दिवस माणूस नुसता हरवल्यासारखा. जेवणात लक्ष नाही. कात्री काढायची, पुसायची, परत ठेवायची. मला वाटलं, काळजी. आदल्या संध्याकाळी मी रेशमी साडी काढली तर म्हणाले, "तुंगा, तुला जायलाच पाहिजे का?"

"म्हणजे? अहो, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. मी नाही गेले तर कोण जाणार?"

"सरी, ठीक आहे," म्हणाले. "जा."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात गाडी उभी, पांढरी शुभ्र. समितीची पाच माणसं. त्यांच्या प्रमुख नीलिमा मॅडम म्हणून एक बाई, केस पिकलेले, चष्मा गळ्यात. मी ताट घेऊन पुढं झाले. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. अबोलीचा हार घातला. नारळ यांनी फोडला. आता गाडीला हळद-कुंकू लावायचं. आमच्याकडं दसऱ्यात आयुधपूजेला ऑटोला लावतो तसं समोर, बरोबर मध्यावर. तिथं ह्या गाडीला काचेसारखा चकचकीत काळा चौकोन होता, तळहाताएवढा. मी म्हटलं, हेच हिचं कपाळ, जागासुद्धा करून ठेवलीय. हळद भिजवलेली होती, ती जाड थापली, वर कुंकवाचा रुपयाएवढा टिळा. हात आखडता घेतला नाही. मनात म्हटलं, बाई गं, चाल, आमची लाज राख.

दयानंद गाडीत बसला, शेजारी मॅडम. गाडी निघाली, लिंबू अर्धं चिरडलं, आणि टीं टीं टीं करून जागीच थांबली. परत सुरू केली, परत टीं टीं. वीतभर पुढं जायची की ब्रेक! लिंबं अर्धवट चेपलेली, त्यातून रस आलाय, आणि गाडी पुढं जाईना. अर्धं लिंबू म्हणजे किती वाईट, ते आमच्याकडं कुणालाही विचारा.

दयानंद उतरला, लॅपटॉप काढला. आणखी तिघे पोरगे धावत आले. वायरी जोडल्या. मोठे साहेब घाम पुसत मॅडमना सांगतायत, फक्त दोन मिनिटं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मॅडमनी घड्याळ बघितलं. समितीतल्या एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. ते हसणं बघून मला रडूच आलं. सहाशे घरांची चूल, आणि ही माणसं हसतायत!

मी यांच्याकडं बघितलं. हे गाडीसमोर पाच-सहा हातांवर उभे होते आणि एकटक त्या काळ्या चौकोनाकडं बघत होते. कितीतरी वेळ. मग सरळ चालत पुढं गेले, खिशातून चौकडीचा रुमाल काढला, फोडलेल्या नारळाच्या पाण्यात बुडवला आणि माझं हळद-कुंकू पुसून काढलं. कोपऱ्यातलंसुद्धा, नखानं. दयानंद ओरडला, "सेन्सर!" त्या काळ्या चौकोनाच्या मागं गाडीचा डोळा होता हो! मी त्याच्यावर हळदीचा थर दिलेला. गाडीला वाटायचं, समोर काहीतरी आडवं आलंय. बिचारी थांबणार नाही तर काय करणार?

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "मॅडम, चूक माझी. मीच हिला इथं लाव म्हणून सांगितलं." कुठं सांगितलं होतं? चक्क खोटं!

गाडी निघाली. भर्रकन मैदानाला फेरी मारून आली. पुठ्ठ्याचा माणूस समोर ठेवला, त्याच्यापुढं दोन हातांवर थांबली. पुठ्ठ्याची गाय ठेवली, तिच्यापुढंही थांबली. टाळ्या पडल्या. मॅडम उतरल्या, यांच्याजवळ आल्या आणि कन्नडात म्हणाल्या, "थांबते हे तर आधीच बघितलं. तुम्ही इथले जुने. तुम्हीच सांगा, द्यावं का कर्ज ह्या कंपनीला?"

मोठे साहेब यांच्याकडं असे बघत होते, की आता हो म्हणा बाबा. हे म्हणाले, "मॅडम, मी सीट शिवतो. सीटबद्दल विचारा."

मॅडम हसल्या. मला मात्र संताप आला. घरी येईपर्यंत मी यांना सोडलं नाही. "एक हो म्हणायला काय झालं होतं? तोंडात काय मूग भरले होते?" हे बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तीन आठवड्यांनी बातमी आली, कर्ज मंजूर! मी गंगव्वाला मैसूरपाक दिला. तिनं तोंड वाकडं केलं, पण खाल्ला. मोहनचा फोन आला, "सरी आई, मिळालं ना, चांगलं झालं, पण तत्त्व म्हणून मला ते पटलेलं नाही." मी म्हटलं, तत्त्व ठेव तुझ्या गाडीच्या डिकीत. यांना मैसूरपाक दिला तर यांनी अर्धा मोडून घेतला, अर्धा ताटात ठेवला.

पुढच्या सोमवारी हे दुपारीच घरी आले. हातात पिशवी, पिशवीत कात्री, खडूचा डबा आणि एक पाकीट. कंपनीत सीटा शिवायचं बंद. यापुढं सीटा बाहेरून तयार येणार, स्वस्त पडतात. सीट-विभागाच्या बेचाळीसच्या बेचाळीस माणसांना घरी पाठवलं.

मला आधी कळेचना. मी तीनदा विचारलं. "अहो, पण कर्ज मिळालं ना? मग? कर्ज मिळालं की नोकरी राहणार होती ना?" हे म्हणाले, "कंपनी राहिली." आणि पायावर पाणी घ्यायला मागं गेले. सासऱ्यांना रेडिमेड कपड्यांनी बसवलं आणि यांना रेडिमेड सीटांनी. सुम्मने, नुसतं बसून राहायचं तर कसं? माझं डोकं तापलं. मी चपला घातल्या, म्हटलं कारखान्यावर जाते आणि त्या मोठ्या साहेबाला विचारते, बायकोच्या हातची पूजा चालते, नवऱ्याच्या हातची सीट चालत नाही काय!

दार उघडलं तर दयानंदच पायरीवर उभा, आत यावं की नाही अशा चेहऱ्यानं. मी त्याच्यावरच तुटून पडले. तो सगळं ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "काकी, ही अट पहिल्या दिवसापासून होती. समितीनं खर्च कमी करायला सांगितला होता. कंपनीनं सीट-विभाग बंद करतो म्हणून लिहून दिलं होतं. कर्ज मिळालं तर हा विभाग जाणार, हे ठरलेलंच होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस, मेल्या?"

"काकांना सांगितलं होतं. पूजेच्या आठ दिवस आधी. कुणाला बोलू नका म्हणालो, पण तुम्ही दुसरीकडं बघून ठेवा. त्यांना सगळं माहीत होतं, काकी."

मी चपला काढल्या. दयानंद कधी गेला ते मला आठवत नाही.

हे मागच्या पडवीत होते. सासऱ्यांचं जुनं मशीन उघडून त्याला तेल घालत होते. शेजारी कुणाच्या तरी ऑटोचं फाटकं सीट पडलं होतं. एवढ्यात कुठून पैदा केलं कोण जाणे. मी समोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

यांनी वर बघितलं नाही. "हो."

"गाडी अडली होती. कुणालाच कारण कळत नव्हतं. ती लॅपटॉपवाली पोरं दिवसभर शोधत बसली असती. मॅडम निघून गेल्या असत्या. आणि तुम्ही पुसलंत? का पुसलंत हो?"

यांनी तेलाच्या डबीचं झाकण फिरवून लावलं. "मीही तेच शोधतोय, तुंगा," म्हणाले. "सहाशे माणसांचा विचार केला म्हटलं तर बरं दिसेल. तू गावभर सांगशीलही. पण तसं नाही. तिथं उभा राहून मी विचारच करत होतो. नाही पुसलं तर कंपनी जाते, पुसलं तर आम्ही बेचाळीस जातो. काही सुधरत नव्हतं. पुसायचं असं ठरवलं नव्हतं मी. डाग दिसत होता समोर. हात गेला."

"हात गेला?"

"हात गेला."

मी त्या फाटक्या सीटवर बसले. मला यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि ती तेलाची डबी यांच्या डोक्यात घालावीशी वाटत होती, दोन्ही एकदमच. त्या रुमालाचा हळदीचा डाग मी तीनदा साबण लावून धुतला होता. गेला नव्हता. आत्ताही तो रुमाल यांच्या गुडघ्यावर होता, पिवळा.

"तुम्ही न पुसता गप्प राहिला असतात," मी म्हटलं, "तर पुढं-मागं कळलंच असतं, हळद कुणी लावली ते. सहाशे जणांच्या बायकांनी मला शिव्या घातल्या असत्या."

"घातल्या असत्या."

"आता बेचाळीस जणांच्या बायका तुम्हाला घालतील. तुम्हाला आधी माहीत होतं आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही."

"घालतील," हे म्हणाले. "ते माझं चुकलंच असं वाटतं. पण दयानंदला शब्द दिला होता. आता बघ, हेही कळत नाही."

"त्यातली एक मी. मग पहिली शिवी माझी," मी म्हटलं आणि घातली. कन्नडात घातली, तिकडची जरा भरीव असते. हे दचकले, मग खो खो हसले. किती दिवसांनी हसले! हसत हसत सुईत दोरा ओवायला लागले, तर ओवता येईना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला, तरी येईना. तीस वर्षं ज्या माणसाला मी अंधारात दोरा ओवताना बघितलं, त्याच्या हातातून मी सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.